गजराबाईंचा मसाला

डॉक्टरांनी गजराबाईंच्या सायनसमध्ये हळूहळू औषध सोडणारी बारीक जाळी बसवली. तीन वर्षांचा पू आटला आणि आठव्या दिवशी त्यांना वास यायला लागला.

त्यांनी विकायला भरलेला कांदा-लसूण मसाला हुंगला आणि त्या सुनेवर खेकसल्या, "हा माझ्या हातचा नाही."

"नाहीच, आत्याबाई. तुम्हाला वास कळेना, तेव्हापासून खोबरं करपायचं. तुम्ही चुलीपुढून उठलात की ते टाकून मी नव्यानं भाजायचे."

याच मसाल्याचं गाव कौतुक करत होतं, आणि गजराबाई चारचौघींत म्हणत होत्या, सुनेच्या हाताला चव नाही.

"मग बोलली का नाहीस गं, भवाने?"

"पहिल्याच दिवशी बोलले. तुम्ही तापलेलं उलथनं फेकलंत."

सुनेनं दंडावरचा डाग दाखवला. चुलीवर भाजलं, असं गजराबाईंनीच तिच्या माहेरी सांगितलं होतं.