चौथ्या गाण्यातली आई

आई पहिल्या रांगेत कानात कापूस घालून बसली होती. स्टेजवर सांगलीचीच पोरं माझ्या लाडक्या विलायती रॉक बँडची गाणी दणक्यात वाजवत होती.

कॉलेजात असताना त्या बँडच्या गाजलेल्या गाण्यांची कॅसेट मी दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवून घरीच उतरवून घेतली होती. चौथ्या गाण्यात गिटार थांबते, क्षणभर सगळं शांत होतं. नेमकी तेव्हाच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "उल्ह्या, दूध उतू चाललंय!" तेही टेप झालं. माझ्या कॅसेटवरून अख्ख्या हॉस्टेलनं कॉपी केली, हॉस्टेलवरून गावानं. आईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आज ते गाणं आलं. गिटार थांबली. मी हसू दाबत होतो, तोच मागून टक्कल पडलेले, पोट सुटलेले शे-दोनशे अनोळखी लोक एका सुरात गरजले, "उल्ह्या, दूध उतू चाललंय!"

ड्रमवाला काठ्या उगारून तसाच थांबला. आईनं कानातला कापूस काढला, उभी राहिली आणि वळून अख्ख्या हॉलवर ओरडली, "मग बघत काय बसलात मेल्यांनो? गॅस बंद करा की!"