चुलीची माती

भातकुलीच्या बाजारात कठपुतळीवाला एकेका बाहुलीकडून कोणाची तरी नक्कल करवायचा, आणि ती कोणाची हे गर्दीनं ओरडून सांगायचं. यात वच्छलाचा हात धरणारं कोणी नव्हतं. सिनेमातला हिरो असो, मतं मागणारा पुढारी असो की गावचा तलाठी, बाहुलीनं नुसती मान हलवली की ही ओरडायची, "हा त तलाठी व्हय!" गावातल्या माणसांच्या खोडी मात्र कोणी ना कोणी कठपुतळीवाल्याच्या कानात आधीच घालून ठेवायचं.

त्या दिवशी एक बाई-बाहुली आली. इकडेतिकडे पाहून तिनं चुलीची माती खरवडली, पदराआड तोंड करून खाल्ली. लोक हसून लोटपोट झाले. वच्छला गार पडली. दुसऱ्यांदा दिवस गेल्यापासून तिला हे डोहाळे होते, आणि ते एकट्या नवऱ्यालाच, शालिकरामलाच, माहीत होते. समोर पुरुषांत बसलेला शालिकराम मांडीवर थापा मारून हसत होता. तिला त्याची शिसारी आली.

"कोन व्हय वं हे?" सासूनं तिला ढोसलं. "सांग नं वच्छले, तुले त सारं समजते!"

सारी गर्दी तिच्या तोंडाकडे पाहू लागली.

"पार्बताबाई!" ती ओरडली.

हशा उसळला.



शेजारच्या पार्बताबाईनं मान खाली घातली, आणि वच्छलाला खेळ नीट पाहता यावा म्हणून मांडीवर घेतलेलं वच्छलाचंच लेकरू ती थोपटत राहिली.