एकेचाळीस नंबरचं झाड

पंचायतीचा नियम होता: लावलेल्या प्रत्येक झाडाला एक पालक, आणि दर महिन्याला झाडाशेजारी उभ्या असलेल्या पालकाचा फोटो. म्हणजे झाडाची उंची कळते.

शिंदखेड्याच्या रस्त्यावरचा एकेचाळीस नंबरचा कडुनिंब पहिल्याच उन्हाळ्यात जळाला. ग्रामसेवक गिरधरने त्या खड्ड्यात बाभळीची वाळकी काठी खोचली आणि त्याची पालक, म्हातारी ताईबाई, हिला शेजारी उभं केलं. काठी तिच्या कमरेएवढी होती.

मोबाईलवरच्या फोटोत मात्र ती खांद्याला लागत होती. वर दोन हिरवी पानं होती.

दुसऱ्या महिन्यात फोटोतलं झाड डोक्यावर गेलं. ताईबाई घोट्यापर्यंत मातीत दिसत होती. गिरधरने समोर पाहिलं. तीच काठी, आणि ताईबाईच्या चपला मातीवरच.

"भाऊ, मना पाय गार पडी ग्यात," ती म्हणाली.

"एवढ्या उन्हात गार कसे पडतील? नीट उभ्या राहा, अक्का."

तालुक्याला गिरधरचं कौतुक झालं. पुढच्या फोटोत ती गुडघ्यापर्यंत, त्याच्या पुढच्यात गळ्यापर्यंत बुडालेली होती. त्याने तेही फोटो पाठवले. झाड छान आलं होतं.

पाचव्या महिन्यात फोटोत नुसताच डेरेदार कडुनिंब आला. खाली लाल अक्षरं उमटली: 'पालक दिसत नाही.' त्याने मान वर केली. काठीशेजारी फक्त चपला होत्या.

तेवढ्यात ताईबाईची सून रत्ना शोधत आली. "भाऊ, मनी सासू कोठे गयी?"

गिरधरने चपला पायाने बाजूला सारल्या.

"येतील. तोवर तू इथे उभी राहा."