गुलाबी बहावा

"तुझ्या लेकीचा बहावा फुलला गं," टेकडीवरून फिरून आलेल्या आबांनी सुनेपुढे ओंजळ धरली. ओंजळीत गुलाबी फुलं होती.

शर्वरी तान्ह्याला पाजत होती. बहावा पिवळा फुलतो, हे आबांना सांगायला तिची जीभ रेटेना. थोरल्या जुईच्या पहिल्या वाढदिवसाला लावलेलं ते रोप. दुसऱ्या गरोदरपणात शर्वरीचं टेकडीवर जाणं थांबलं, तेव्हापासून मोतीबिंदूच्या डोळ्यांनी आबाच तिथं रोज बाटलीभर पाणी घालत होते.

बाळाला सासूबाईंकडे देऊन ती आबांबरोबर वर गेली. झाडाच्या जागी गुलाबी फुलांनी लगडलेला आईस्क्रीम वेलीचा ढीग होता. कुणाच्या तरी बागेतून निसटलेली ती परदेशी वेल अर्धी टेकडी गिळत चालली होती. शर्वरीने ती हातांनी ओरबाडून काढली. आत करंगळीएवढं खोड होतं, वाकलेलं, एकही पान नसलेलं.

आबा मटकन खाली बसले. "म्हणजे वर्षभर मी या भवानीला पाणी पाजत होतो?"

शर्वरीने नखाने खोड खरवडलं. सालीखाली ओला हिरवा रंग दिसला.

"दोघांना पाजलंत, आबा. म्हणून तर हा जगला."

आबा उठले आणि काठीच्या टोकाने वेलीचा कंद उकरू लागले. "हिला मुळासकट काढतो. पण जुईला सांगू नकोस हं, तिच्या आजोबाला दिसत नाही म्हणून."

"सांगणार," शर्वरी हसली. "पिवळी फुलं येतील त्या दिवशी."