कंबरमोडीची पानं

सुशील सरांनी दोन परीक्षानळ्या उजेडात धरल्या आणि मिनलला विचारलं, दोन्हींत एकाच वनस्पतीच्या पानांचा अर्क आहे ना? एकीतल्या चाचणी-रसायनाचा जांभळा रंग उडून पार पिवळा झाला होता. दुसरीतला जेमतेम फिका पडला होता.

रंग जितका उडेल तितके पानात अँटिऑक्सिडंट घटक जास्त. मिनलचा कंबरमोडीच्या पानांचा अर्क तुलनेसाठी ठेवलेल्या व्हिटॅमिन सीच्या तोडीस तोड निघत होता. तिची सगळी पीएचडी त्यावर उभी होती. पण दुसऱ्या नळीतली कंबरमोडी सरांनी स्वतः कॉलेजमागच्या पडीक जागेतून तोडली होती, स्वतःच वाळवली होती.

सरांनी आवाज चढवला नाही. अर्कात तू काहीतरी मिसळतेस, एवढंच म्हणाले. सोमवारी ते विद्यापीठाला कळवणार होते. मग तिची नोंदणी रद्दच.

मिनलनं आईची शपथ घेतली. आमच्या गावची, खाप्याची माती वेगळी असेल, म्हणाली. बोलता बोलता तिचं तिलाच ते खोटं वाटायला लागलं. न केलेली गोष्ट केली नाही, हे कसं दाखवायचं ते तिला सुचेना.

शेवटी तिनं एकच विनवणी केली. पानं पहिल्यापासून तिची आई खाप्याच्या शेतातून तोडून, सावलीत वाळवून पाठवत आली होती. या वेळी आईनं ती थेट सरांच्या हातात द्यावीत, सरांनीच तपासावीत. मिनल प्रयोगशाळेत पाऊल टाकणार नाही. सर नाइलाजानं हो म्हणाले.

वच्छलाबाई शनिवारी सकाळच्या एसटीनं आल्या. पुडकं सरांना दिलं आणि बाहेरच्या बाकावर मुलीशेजारी टेकल्या.

"काहून वं, लगन मोडल्यावानी बसून राहिली?"

मिनल दाराकडेच बघत होती. दाराच्या काचेतून सरांची पाठ तेवढी दिसत होती. ते एकटेच पानं कुटत होते, गाळत होते. आईनं डबा उघडला, तो तसाच झाकून ठेवावा लागला.

दुपार कलल्यावर दार उघडलं. सरांच्या हातातली नळी पिवळी होती.

त्यांनी आईसमोर मिनलची माफी मागितली. तिला रडू आवरेना. सरांनी वच्छलाबाईंना आत नेऊन खुर्ची दिली, चहा मागवला.

"तुमच्या बांधाच्या मातीतच काहीतरी आहे, ताई," ते म्हणाले. "यावर आता मोठा शोधनिबंध लिहू आम्ही."

वच्छलाबाई संकोचल्या.

"मातीचं काय सर, माती तं सगळ्यायची सारखीच," त्या म्हणाल्या. "पण वाळताना पानं काळे पडते न. पोरीले असे कसे द्यावं? म्हणून आमी दर खेपेले निंबू पिळलेल्या पाण्यातून काढून मंगच वाळू घालतो."