पावण्यांची डिकी

डिकीत गुळाची तिसरी ढेप पडली तशी गाडी मागनं खाली बसली.

"नाना, आता बास करा," स्वप्नाली म्हणाली. हे ती चौथ्यांदा म्हणत होती.

"तू गप गं. पावणा रिकाम्या हातानं जात न्हाई आपल्यातनं." तिच्या वडिलांनी, नानासोंनी, तांदळाचं पोतं आत ढकललं.

पोत्यामागून तुपाची किटली गेली. हळद गेली, मामानं सांगलीहून पाठवलेली बेदाण्याची पेटी गेली, साहेबांच्या जपानातल्या बायकोला म्हणून इरकल लुगडं गेलं. ड्रायव्हरशेजारच्या सीटवर पाय बांधलेला कोंबडा आधीच बसला होता. पुण्यात फ्लॅटवर एकट्या राहणाऱ्या माणसानं कोंबड्याचं काय करायचं? पण विचारणार कोण आणि ऐकणार कोण.

तिचे जपानी साहेब, साकामोतोसान, हात पुढं बांधून अंगणात उभे होते. स्वप्नाली शिरवळच्या कारखान्यात चार वर्षं त्यांची दुभाषी होती. एकदा गावातलं घर बघायचंय असं तेच म्हणाले, म्हणून तिनं रविवारी जेवायला आणलं. आणि उद्या सकाळी दहाला तेच विश्वजितची मुलाखत घेणार होते. डिप्लोमा करून धाकटा भाऊ दोन वर्षं लोणंदच्या गॅरेजात नट आवळत होता. लेखी परीक्षा तो स्वतःच्या हिमतीवर पास झाला होता. आता एवढी एक मुलाखत राहिली होती, आणि नाना गाडी भरत होते.

साहेब हळूच तिच्याजवळ आले. जपानीत म्हणाले, "स्वप्नालीसान, हे तुमच्याकडं नेहमीचं आहे का? याला काय म्हणायचं?"

काय म्हणायचं, कप्पाळ. 'झेइताकु' म्हणावं तर ती झाली चैन, आणि नानांच्या बनियनला दोन भोकं. 'किमाए गा ई' म्हणजे सढळ हाताचा. हा शब्द नानांना बरोबर बसत होता. पण तो म्हटला की साहेब वाकून आभार मानणार, गाडी भरली तशीच निघणार, आणि उद्या कुणीतरी विचारणार, काल उमेदवाराच्या घरनं काय काय आलं? राहता राहिला 'काजो'. प्रमाणाबाहेर. कंपनीच्या नियमांत भेटवस्तूंच्या कलमात हाच शब्द होता. त्या कलमाचं मराठी तिनंच केलं होतं.

"काजो देस," ती म्हणाली.

साहेबांनी मान हलवली. मग त्यांनी स्वतः डिकीत हात घातला आणि एकेक वस्तू दोन्ही हातांनी उचलून ओट्यावर ठेवली. ढेपा, किटली, लुगडं, सगळं. पोतं ड्रायव्हरनं उतरवलं, कोंबडाही त्यानंच विश्वजितच्या हातात दिला. साहेब नानासोंपुढं कमरेत खोल वाकले. गाडी हलकी होऊन निघून गेली.

"काय बोललीस तू त्यास्नी?" नानासोंनी विचारलं.

"जास्त झालं म्हणाले मी. मग काय म्हणू?" स्वप्नालीचा आवाज चढला. "किती वेळा सांगितलं बास करा म्हणून. उद्या ह्याची मुलाखत तेच घेणार. लाच दिली म्हणले असते सगळे. ह्याची नोकरी घालवायचीय का तुम्हाला?"

"कसली मुलाखत?"

स्वप्नालीनं विश्वजितकडं बघितलं. तो कोंबड्याचे पाय सोडत बसला होता.

"मी सांगितलंच न्हाई ह्यास्नी," तो मान वर न करता म्हणाला. "मागच्या दोन्ही मुलाखतींच्या टायमाला सगळ्या गावाला सांगून बसलेवते. म्हटलं, लागली तर सांगू."

तिला असा राग आला की कुणाचा ते तिलाच कळेना. मीटर बघायला येणाऱ्या माणसालाही नाना चार कणसं दिल्याशिवाय सोडत नाहीत, हे तिला ठाऊक नव्हतं का? चार वर्षं ती दुसऱ्यांची बोलणी समजावून सांगत होती आणि घरात एक प्रश्न विचारायचं तिला सुचलं नव्हतं.

नानासो पोत्यावर बसले.

तेवढ्यात सुलाबाई लोणच्याची बरणी फडक्यात बांधून घाईघाईनं बाहेर आल्या. "आवं, थांबवा की गाडी जरा, एवढं ऱ्हायलं..." ओट्याकडं बघून त्या थबकल्या. "गेलं व्हय पावणं? आन् हे समदं हितंच कसं?"

"आई, मीच..." स्वप्नालीनं सुरुवात केली.

"तू थांब," नानासो म्हणाले आणि उठून त्यांनी गुळाची एक ढेप छातीशी धरली. "न्हाई नेलं त्यांनी. आपलंच कायतरी कमी पडलं आसंल."