एल्से बाहेर झोपली

एल्सेचा डोळा लागला तेव्हा तिचे आईबाबा, मारेन आणि आस्गर, नेमके कॅथेड्रलच्या दक्षिणेकडच्या दाराशी पोचले होते. मारेनने बाबागाडी भिंतीच्या सावलीत लावली, ब्रेक दाबला, लागला की नाही म्हणून पुन्हा एकदा दाबून पाहिला. आत ऑर्गन वाजत होता. गाडी आत नेली तर पोरगी उठणार, आणि उठली की आजचा दिवस संपला.

"इथेच झोपू दे तिला," आस्गर म्हणाला.

डेन्मार्कात, त्यांच्या विबोर्गला, ती रोज बाहेरच झोपायची. बेकरीबाहेर, वाचनालयाबाहेर, जानेवारीत अंगणात, नाकाचा शेंडा लाल होईपर्यंत. आस्गर तसाच वाढला होता, मारेनही. तरी आता तिचा पाय उंबऱ्यावर अडला. हे विबोर्ग नाही, ती म्हणाली. त्यावर आस्गरने, फ्रान्सच्या या शार्त्रमध्ये दिवसाढवळ्या लांडगे फिरतात का, असं विचारलं. ती हसली नाही, तेव्हा त्याचा आवाज जरा मऊ झाला.

"खुडूक कोंबडीसुद्धा दाणे टिपायला उठते गं. कॉलेजात असल्यापासून इथली ती निळी खिडकी बघायचीय म्हणतेस ना?"

दारातून गाडीचं पुढचं चाक दिसेल, अशाच जागी उभं राहायचं, असं ठरवून ती आत गेली.

आधी नुसता अंधार. मग डोळे सरावले आणि तिला फरशी निळी दिसली. खांब निळे, आस्गरची दाढी निळी. तिने मान वर केली. उंच खिडकीत निळ्या काचेची बाई मांडीवर मूल घेऊन बसली होती आणि मागचा सगळा सूर्य तिच्यातून गाळून खाली येत होता. मारेनने हात पुढे केला. उजेड तळव्यावर येऊन बसला. त्याला वजन नव्हतं. शेकडो वर्षं तो असाच इथे उतरत होता, कोणाच्या ना कोणाच्या हातावर. तांबडा कुठून येतो ते बघायला ती एक पाऊल पुढे सरकली, मग आणखी एक. ऑर्गनचा खालचा सूर तळपायातून वर चढत होता. कित्येक महिने आवळून धरलेले खांदे कधी सैल पडले, ते तिला कळलंच नाही.

आस्गर एरवी घटकाभर गप्प राहायचा नाही. तोही मान वर करून बघत होता. मग अगदी हळू म्हणाला, "एल्सेला हे दाखवायला हवं."

एल्से.

गाडी विसरणं वेगळं. मारेन एल्सेलाच विसरली होती. आपल्याला मूल आहे, हेच मघापासून तिच्या मनात नव्हतं.

ती धावली.

बाहेर गाडी दिसेना. दिसल्या त्या माणसांच्या पाठी. एप्रन बांधलेला कॅफेवाला, पिशव्या घेतलेले दोघे-तिघे, कानाला फोन लावून कोणाला तरी दाराची खूण सांगणारी एक तरुणी. त्यांना बाजूला सारून ती घोळक्यात घुसली. गाडीपाशी गडद निळ्या कोटातली एक म्हातारी उभी होती आणि तिने गाडीचा दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. एल्से जागी होती. एक मोजा तिने पायातून काढून टाकला होता आणि ती म्हातारीकडे टक लावून बघत होती.

मागून आलेला आस्गर इंग्रजीत समजावू लागला. आमच्याकडे सगळेच असं ठेवतात, मोकळी हवा बाळांना चांगली असते, छाती मजबूत होते. कोणी ऐकत नव्हतं. फोनवाल्या मुलीने फोन खाली घेतला आणि मारेनला म्हणाली, "मादाम, आमच्याकडे चर्चच्या दारात बाळ ठेवतात ते एकाच कारणासाठी."

टाकून जायचं म्हणून, हे मारेनला समजायला एक क्षण लागला. तिने दांड्याला हात घातला. म्हातारीने दांडा सोडला नाही. ती लहान मुलाशी बोलावं तसं एकेक शब्द सावकाश बोलली. मारेनचं शाळेतलं फ्रेंच तेवढ्याला पुरलं.

"तू ठेवलंस हिला?"

"हो."

"आणि परत आलीस."

मी येणारच होते, मारेन म्हणाली. खिडकी बघायला गेले होते, नुसती आत गेले होते. पुढचे शब्द तिला फ्रेंचमध्ये येईनात आणि डॅनिशमध्येही आले नाहीत. ती रडू लागली. कोणीतरी मागून बोल लावायला सुरुवात केली होती, त्याला कॅफेवाल्याने दटावलं.

फोनवाली मुलगी पोलिसांना, येऊ नका, आई सापडली, असं सांगत होती. सांगून झाल्यावर ती मारेनच्या जवळ सरकली आणि कुजबुजली, "या मादाम रेमोंदना रागावू नका. त्या तान्ह्या असताना याच दारात सापडल्या होत्या. सगळ्या गावाला माहीत आहे."

म्हातारीला ते ऐकू आलं असावं. तिने मान वळवली नाही. ती मारेनचा चेहरा बघत होती. कपाळावर चिकटलेले केस, वाहणारं नाक, धापा टाकणारा ऊर, सगळं सावकाश, काही सुटू नये असं. आतला ऑर्गन मध्येच कधीतरी थांबला होता.

मग तिने दांड्यावरचा एक हात काढला, नंतर दुसरा. मारेनने एल्सेला उचलून छातीशी धरलं. म्हातारी जमलेल्या माणसांकडे वळली. त्यांनी पाहिलं नसेल तर, म्हणून सांगावं तशी हळूच म्हणाली,

"आई आली. धावत आली."